वॉशिंग्टन विद्यापीठाचे नौकानयन पथक

वॉशिंग्टन विद्यापीठाचे नौकानयन पथक हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल शहरात असलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे वल्हवण्याच्या शर्यतींसाठीचे पथक आहे. (हे विद्यापीठ वॉशिंग्टन राज्यातील असून राजधानी वॉशिंग्टन डी.सी.शी त्याचा संबंध नाही.) इ.स. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या पथकाने अवघ्या दोन दशकांत पूर्व किनाऱ्यावरील जुन्या व श्रीमंत महाविद्यालयांची या खेळातील मक्तेदारी मोडली. इ.स. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पथकाने आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले.

== पार्श्वभूमी ==

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील महाविद्यालयीन नौकानयन म्हणजे पूर्वेकडील मोजक्या संस्थांचा खेळ होता. हार्वर्ड आणि येल यांची आपसांतील शर्यत १८५२ पासूनची. कॉर्नेल, सिराक्यूज, पेनसिल्व्हेनिया, कोलंबिया ही विद्यापीठे न्यू यॉर्क राज्यात हडसन नदीवर पोकीप्सी येथे भरणाऱ्या शर्यतीत उतरत. पश्चिम किनाऱ्यावरून तेथे जायचे तर रेल्वेने अख्खा खंड ओलांडावा लागे, आणि लांबलचक नाजूक नावही सोबत न्यावी लागे. सिॲटलकडे पैसा नव्हता. मात्र विद्यापीठाच्या दारातच वॉशिंग्टन सरोवराचे विस्तीर्ण पाणी होते. तेथील हिवाळा पावसाळी असला तरी पाणी सहसा गोठत नाही, त्यामुळे सराव जवळजवळ वर्षभर चालू शकतो. पूर्वेकडील अनेक पथकांना ही सोय नव्हती.

== कॉनिबियर आणि पोकॉक ==

इ.स. १९०७ मध्ये प्रशिक्षकपद हायरम कॉनिबियर यांच्याकडे आले. ते मूळचे सायकलपटू व खेळाडूंच्या शारीरिक तयारीचे जाणकार होते आणि शिकागोच्या व्यावसायिक बेसबॉल संघासाठी त्यांनी काम केले होते. वल्हवण्याचा अनुभव मात्र त्यांना जवळपास नव्हता. हे अज्ञान पुढे उपयोगी पडले असे म्हणावे लागेल, कारण रूढ पद्धत निमूट स्वीकारण्याऐवजी त्यांनी ती मुळापासून तपासली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील मानवी सांगाडा नावेच्या आसनावर बसवून, त्याच्या हातात झाडूचा दांडा देऊन ते सांध्यांच्या हालचाली पाहत असत, असे सांगितले जाते.

त्या काळच्या इंग्लिश धाटणीच्या पद्धतीत फटक्याच्या शेवटी धड बरेच मागे झुकवले जाई. आठ जणांचे वजन इतके मागे जाऊन पुन्हा पुढे येताना नावेची गती तुटते. कॉनिबियर यांनी हे मागे झुकणे कमी केले आणि वल्हे पाण्यात शिरताच पायांचा जोर लावण्यावर भर दिला. ही पद्धत पुढे 'कॉनिबियर फटका' म्हणून ओळखली गेली.

तिला आकार देण्यात जॉर्ज पोकॉक यांचाही वाटा होता. इंग्लंडमधील ईटन विद्यालयासाठी नावा बांधणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. इ.स. १९११ मध्ये भाऊ डिक याच्यासह तो कॅनडातील व्हँकूव्हरला आला आणि बंदरातील एका तरंगत्या कार्यशाळेत काम करू लागला. दुसऱ्या वर्षी कॉनिबियर त्यांना भेटले आणि उत्साहाच्या भरात त्यांनी एकदम बारा नावांची मागणी नोंदवली. प्रत्यक्षात पैसे एकाच नावेपुरते निघाले. तरीही दोघे भाऊ सिॲटलला आले आणि १९०९ च्या प्रदर्शनानंतर रिकाम्या पडलेल्या एका चहागृहात त्यांनी काम सुरू केले. थेम्स नदीवरील व्यावसायिक नावाड्यांची शैली जॉर्जच्या अंगी मुरलेली होती आणि कॉनिबियर यांना जे सिद्धांतातून शोधावे लागत होते, ते तो वल्हवून दाखवू शकत असे. पहिल्या महायुद्धात त्याने बोइंग कंपनीत समुद्री विमानांचे तरंगते भाग बनवले आणि त्यानंतर तो पुन्हा नावांकडे वळला. इ.स. १९२७ पासून त्याने नावेच्या कवचासाठी तांबड्या सीडरच्या पातळ फळ्या वापरल्या. हे लाकूड हलके, टिकाऊ आणि परिसरात मुबलक होते. पुढील काही दशके अमेरिकेतील बहुतेक मोठ्या महाविद्यालयांची पथके पोकॉकच्या नावांतून शर्यती लढत.

== पूर्वेवर विजय ==

इ.स. १९१३ मध्ये पथक प्रथम पोकीप्सीला गेले आणि तिसरे आले. १९१७ मध्ये घराजवळच्या फळझाडावरून पडून कॉनिबियर यांचा मृत्यू झाला, पण त्यांनी घडवलेली पिढी तयार होती. त्यांचा शिष्य एड लीडर पुढे येल विद्यापीठात गेला आणि त्याच्या येल पथकाने १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. रस्टी कॅलो यांच्या मार्गदर्शनाखाली १९२३ मध्ये वॉशिंग्टनने पोकीप्सीची मुख्य शर्यत जिंकली. पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठाचा तेथील हा पहिलाच विजय होता. १९२४ व १९२६ मध्येही तो पुन्हा मिळाला.

यशाची किंमतही होती. पूर्वेकडील विद्यापीठे वॉशिंग्टनचे प्रशिक्षक एकेक करून नेऊ लागली. कॅलो पेनसिल्व्हेनियाला गेले, टॉम बोल्स पुढे हार्वर्डला. सर्वांत कडवी स्पर्धा शेजारच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी जुळली, आणि तेथील प्रशिक्षक कॅरॉल एब्राइट हेही वॉशिंग्टनच्याच नावेचे जुने सुकाणूधारी होते. त्यांच्या पथकांनी १९२८ आणि १९३२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके पटकावली.

== बर्लिन, १९३६ ==

अल अल्ब्रिक्सन यांच्या पथकातील बरीच मुले मंदीच्या काळात लाकूडतोड, शेती आणि मच्छीमारी करणाऱ्या कुटुंबांतून आली होती. जो रँट्झ हा त्यांपैकी सर्वांत परिचित. किशोरवयातच घरच्यांनी त्याला मागे सोडले होते आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्याने ग्रँड कूली धरणाच्या बांधकामावर कड्याला लोंबकळत खडक फोडण्याचे काम केले.

त्या वर्षी वॉशिंग्टनने पोकीप्सीतील तिन्ही गटांच्या शर्यती जिंकल्या आणि जुलैमध्ये प्रिन्स्टन येथील निवड शर्यतही. त्यानंतर कळले की बर्लिनचा प्रवासखर्च पथकानेच उभा करायचा आहे, अन्यथा दुसरे आलेले पेनसिल्व्हेनियाचे पथक स्वखर्चाने जाण्यास तयार आहे. सिॲटलच्या नागरिकांनी व वृत्तपत्रांनी काही दिवसांतच ५,००० डॉलर जमवले.

१४ ऑगस्ट रोजी ग्र्युनाऊ येथील अंतिम शर्यतीत अमेरिकेला वाऱ्याला उघडी असलेली बाहेरची सहावी मार्गिका मिळाली. इतरांच्या वल्ह्यांची लय ठरवणारा डॉन ह्यूम आजारी होता. त्याला बदलण्याचा विचार झाला, परंतु सहकाऱ्यांनी त्याच्याशिवाय उतरण्यास नकार दिला. सुरुवातीला पथक मागे पडले आणि सुकाणूधारी बॉब मॉक याने शेवटच्या टप्प्यात वेग वाढवत नेला. 'हस्की क्लिपर' ही पोकॉकची नाव ६ मिनिटे २५.४ सेकंदांत पोहोचली. इटली ६:२६.० व जर्मनी ६:२६.४ वेळेसह मागोमाग आले. पहिल्या आणि तिसऱ्या नावेत एका सेकंदाचाच फरक होता.

डॅनियल जेम्स ब्राउन यांनी २०१३ मध्ये या पथकावर पुस्तक लिहिले आणि त्यावर २०२३ मध्ये जॉर्ज क्लूनी दिग्दर्शित चित्रपट आला. प्रसिद्धीचा हा झोत मात्र १९३६ वरच स्थिरावतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुकाणूधारीसह चौघांच्या शर्यतीत विद्यापीठाने मिळवलेले सुवर्णपदक आणि १९५८ मध्ये मॉस्कोत लेनिनग्राडच्या 'त्रूद' संघावरील विजय त्यामानाने कमी ठाऊक आहेत.

== महिला पथक ==

विद्यार्थिनी कॉनिबियर यांच्या काळापासून वल्हवत होत्या. मात्र त्यांचे मूल्यमापन वेगापेक्षा शैलीवर होई आणि पुढे त्यांचे पथक अनेक दशके बंदच पडले. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा 'टायटल नाइन' कायदा आल्यावर महिलांच्या पथकाला विद्यापीठाच्या क्रीडा विभागात पक्के स्थान मिळाले. प्रशिक्षक बॉब अर्न्स्ट यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या महिला अष्टक पथकाला मार्गदर्शन केले. राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने महिलांची अजिंक्यपद स्पर्धा १९९७ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिले विजेतेपद वॉशिंग्टननेच घेतले. पुरुषांनी २०११ ते २०१५ अशी सलग पाच वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद राखले.

== वास्तू ==

मुख्य नौकागृह १९४९ पासून कॉनिबियर यांच्या नावाने ओळखले जाते. 'हस्की क्लिपर' तेथील भोजनगृहाच्या छताला टांगलेली आहे. १९३६ चे पथक ज्या इमारतीतून पाण्यात उतरे, ती १९१८ मध्ये नौदलाने समुद्री विमानांसाठी बांधलेली लाकडी शेड असून विद्यापीठाच्या आवारात सरोवराच्या काठी आजही उभी आहे.