कार्ड दिले, तरी नेट नाही

संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यालाही एकाच सर्व्हरवर हिशेब आणि फायरवॉल अशी दोन आभासी यंत्रे चालवता येतात. फायरवॉलला नेटवर्क कार्ड थेट बहाल केले, की मधला सॉफ्टवेअरचा हेलपाटा वाचतो. कार्ड दिल्यावर आभासी यंत्र सुरूच होत नसेल, तर आधी सर्व्हरचे बायोस उघडा. इंटेलवर 'व्हीटी-डी', एएमडीवर 'आयओएमएमयू' बऱ्याचदा बंद असते. कार्डाने मेमरीत कुठे लिहावे, यावर पहारा ठेवणारे हे हार्डवेअर. मग लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. कार्डाचा ड्रायव्हर म्हणून 'व्हीएफआयओ-पीसीआय'ऐवजी 'आयजीबी'सारखा नेहमीचा ड्रायव्हर दिसला, तर कार्ड अजून मूळ यंत्राच्याच ताब्यात आहे. खरी मेख गटाची: एका आयओएमएमयू गटातली उपकरणे वेगवेगळ्या यंत्रांना वाटता येत नाहीत. गट वेगळा मिळावा म्हणून कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहावे. आणि सर्व्हरचे एकुलते एक कार्ड कधीच देऊ नका. दुरून काम करत असाल, तर त्याच क्षणी संपर्क तुटेल.