चाडे कोरण्याची वाकडी सुरी

खटाव तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतो. वडूजच्या परिसरात शाळू पेरावयाचा तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि तोही जमिनीत असेल तेवढ्या ओलीवर. हेक्टरी १० किलो बियाणे व दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ही शिफारस सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु हे बियाणे ज्या वाटेने मातीत उतरते, त्या चाड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. चाड्याचा आतील भाग खडबडीत असला, किंवा तिफणीच्या तीन भोकांपैकी एकाची कड फाटलेली असली, म्हणजे दाणे तेथे अडतात. एक ओळ दाट व शेजारची विरळ उगवते. ओल उडून गेल्यावर नांग्या भरणेही साधत नाही.

ट्रॅक्टरवरील पेरणीयंत्रे आली, तरी लहान तुकड्यांत बैलांची पाभर अजून चालते. याच तालुक्यातील औंध हे ज्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते, त्या संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगर गावोगाव गेला. लाकडी नांगराचे काम त्यामुळे सुताराच्या हातून सुटले. पाभर मात्र पुष्कळ ठिकाणी त्याच्याकडेच राहिली.

सुतार चाडे वाकसाने खोलगट करतो व पटाशीने साफ करतो. पटाशीची धार सरळ असल्यामुळे तळाच्या वळणावर तिचे कोपरे रुततात आणि लाकडाचे तंतू उखडतात. येथे हवी असते ती चंद्रकोरीसारखी वळलेली लहान सुरी. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी अशाच वाकड्या सुरीने होड्यांच्या फळ्या व लाकडी भांडी तासत आले आहेत. ती एका हाताने धरून आपल्याकडे ओढावयाची असते, आणि पुष्कळदा झिजलेल्या कानशीपासूनच बनविलेली असते. झिजलेली कानस व भाता आपल्याकडेही दुर्मिळ नाहीत.

कानस घेताना तिचे पोलाद प्रथम पारखावे. काही स्वस्त कानशी केवळ वरून कडक केलेल्या असतात. टोकाचा लहान तुकडा लाल करून पाण्यात बुडवावा व कापडाखाली झाकून हातोडीने ठोकावा. तो तटकन तुटला व आतपर्यंत बारीक करडा कण दिसला तर माल चांगला. नंतर कानस लाल तापवून राखेत पुरावी व रात्रभर निवू द्यावी, म्हणजे ती मऊ होते. तिचे दाते पूर्णपणे घासून काढावेत. हे काम कंटाळवाणे खरे, पण दात्याची खाच राहिली तर तेथूनच पाते तडकते.

पाते सुमारे १ सेंटिमीटर रुंद व २ मिलिमीटर जाड ठोकून त्याचे टोक ऐरणीच्या शिंगावर वळवावे. वळण चाड्याच्या वळणापेक्षा थोडे अधिक असावे. धारेचा उतार बाहेरील फुगीर बाजूस काढावा व आतील बाजू गुळगुळीत ठेवावी.

पाणी देण्याच्या वेळी खरी परीक्षा होते. पाते इतके तापवावे की त्यास लोहचुंबक चिकटेनासा होईल. त्याहून किंचित अधिक, पण पांढरे नव्हे. मग ते पाण्यात न बुडविता कोमट तेलात बुडवावे, कारण एवढे पातळ पोलाद पाण्यात चिरते. आता पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून चकचकीत करावे व पाठीकडून मंद आचेवर धरावे. धारेवर गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग येताच थांबावे. रंग निळा झाला तर धार मऊ पडली असे समजावे व पाणी पुन्हा द्यावे.

मूठ बाभळीची, मुठीत मावेल अशी जाड करावी. सुरी आपल्याकडे ओढली जात असल्याने अंगठा तिच्या वाटेत येतो. त्यावर चामड्याची टोपी घालावी. एका वेळी पातळ साल निघेल एवढेच कोरावे. धार बोथट झाल्यास बाहेरून दगड फिरवावा. आतील कंगोरा गोल काठीस पॉलिश कागद गुंडाळून काढावा.

चाडे तयार झाल्यावर ग्रामसेवकांनी ते पाभरीवर चढवून घ्यावे, प्रत्येक नळ्याखाली एक वाटी ठेवावी, आणि पेरणाऱ्याच्याच हाताने मूठभर शाळू सोडून तिन्ही वाट्यांतील दाणे मोजावेत. एका वाटीत कमी भरले, तर त्या भोकाची कड पुन्हा सुरीने साफ करावी.