हरणांचा वार्ताफलक

पुण्याच्या कसबा पेठेतल्या चौकांत मंडळांचे काळे फलक असतात. कुणाच्या निधनाची बातमी, कुणाचं अभिनंदन, गुरुवारी पाणी बंद. लिहिणारा एखादाच, पण त्या वाटेनं जाणारा जो तो पाय न थांबवता नजर टाकून जातो. उत्तर अमेरिकेच्या जंगलात ऑक्टोबरमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा, म्हणजे व्हाइटटेलचा, नर जमिनीवर जे करतो ते याच जातीचं काम आहे. तिथला मजकूर मात्र वासाचा असतो.

हा नर आडव्या आलेल्या एखाद्या फांदीखालची जागा निवडतो. फांदी जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सहज तोंड पोचेल अशी. आधी तो तिचं टोक चघळतो, मग कपाळ आणि डोळ्याच्या कोपऱ्याजवळची ग्रंथी त्यावर घासतो. पुढच्या खुरांनी पालापाचोळा उडवून दोन-तीन फुटांची माती उघडी करतो. शेवटी मागचे पाय जुळवून, त्यांच्या आतल्या बाजूला असलेल्या केसाळ ग्रंथींवरून मूत्र त्या मातीत सोडतो. तिकडचे शिकारी या जागेला ‘स्क्रेप’ म्हणतात. एक स्क्रेप म्हणजे एका नराची मालकी, अशी त्यांच्यात बरीच वर्षं समजूत होती. पुढे जंगलात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लागले आणि चित्र वेगळं निघालं. एकाच जागी अनेक नर येतात, तरणे आणि थोराड दोन्ही. माद्याही फांदी हुंगून जातात. कोण आसपास आहे, किती ताकदीचा आहे, कोण माजावर येत आहे, याची सगळी खबर तिथं मिळते.

या धावपळीला मुहूर्त लावतो तो दिवसाचा उजेड. दिवस लहान होऊ लागले, की नराच्या शरीरातलं संप्रेरकांचं गणित बदलतं. शिंगांवरची मखमल सप्टेंबरच्या सुमारास गळते, मान जाड होऊ लागते आणि झाडांच्या खोडांवर शिंगं घासणं सुरू होतं. उत्तरेकडच्या राज्यांत माजाचा भर नोव्हेंबरच्या मध्याला येतो. मादी माजावर असते ती जेमतेम एक-दीड दिवस, आणि तेव्हा फळली नाही तर पुन्हा सुमारे चार आठवड्यांनी. इतक्या अरुंद दारातून आत शिरायचं तर आधीपासून पाळत ठेवावी लागते. म्हणून भराच्या आधीचे दोन-तीन आठवडे स्क्रेप सर्वांत जागते असतात. एकदा माद्या खरोखर माजावर आल्या, की नर फलक वाचत बसत नाही, तो मादीच्या मागे धावत सुटतो. मग महिनाभर चोख राखलेल्या त्या जागेवर पानं साचतात.

शिकाऱ्याची संधी ती हीच. धावणाऱ्या नराचा भरवसा नाही, पण माजाआधीचा नर ठरावीक जागी परत येतो. नवशिका मग स्क्रेपच्या डोक्यावरच मचाण बांधतो आणि तिथेच फसतो. कारण स्क्रेपवरच्या बहुतेक भेटी रात्रीच्या असतात आणि शिकारीची कायदेशीर वेळ दिवसाउजेडीची. शिवाय मुरलेला नर स्क्रेपपर्यंत जातोच असं नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगानं, झाडीच्या आडून, तो लांबूनच वास घेतो आणि मजकूर कळला की पुढे सरकतो. जाणता शिकारी म्हणून स्क्रेपपासून मागे येतो. दिवसभर नर जिथे बसून असतो ती दाट झाडी आणि स्क्रेप यांच्या मधली वाट तो शोधतो आणि तिच्या वाऱ्याखाली बसतो. त्या वाटेवर नर उजेड असताना सापडण्याची शक्यता बरी असते.

काही जण खोटा स्क्रेपही तयार करतात. माती उकरायची, वर फांदी वाकवायची आणि बाजारातून आणलेलं मादीचं मूत्र शिंपडायचं. हा बाटलीबंद धंदा आता अडचणीत आहे. हरणांना मेंदू पोखरणारा, हमखास जीवघेणा असा एक रोग होतो. १९६७ मध्ये कोलोरॅडोत तो प्रथम लक्षात आला. तो लाळेतून आणि मूत्रातून पसरू शकतो, म्हणून व्हर्जिनिया आणि व्हरमाँटसारख्या राज्यांनी खऱ्या मूत्राच्या वापरावर बंदी घातली. ज्या जागी सगळे येऊन तोंड लावतात ती जागा रोगाच्याही सोयीची असणार, हे ओघानंच आलं.

अमेरिकेत ही शिकार आजही राजरोस चालते, त्याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं व्हाइटटेल पाच लाखांच्या आत उरले होते, आज ते तीन कोटींच्या घरात आहेत. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून माणसानंच हटवले, त्यामुळे ही संख्या आवरण्याचं काम शिकाऱ्याकडे आलं. १९३७ च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावला. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या हरणाची ओळख बहुधा बागेतल्या खाऊन टाकलेल्या झाडांवरून आणि गाडीच्या फुटलेल्या दिव्यावरून होते. हरणांशी होणाऱ्या टकरी नोव्हेंबरात सर्वाधिक असतात, कारण माजावरचा नर रस्ता बघत नाही.

आता आपल्याकडे. कसब्यातल्या लाल महालातून ज्या जहागिरीचा कारभार चाले, त्या शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीला सुपे परगणाही होता. पुण्याचा उजाड मुलूख पुन्हा वसवताना लांडगे मारणाऱ्यांना बक्षिसं दिली जात, असं बखरी सांगतात. लांडगा होता याचा अर्थ त्याचं भक्ष्यही होतं. त्या सुप्याच्या माळावर आज मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावच्या गणपतीचं नाव मिळालेलं, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. सासवड-जेजुरीमार्गे कसब्यातून दोनेक तासांत तिथं पोचता येतं. इथला मुख्य रहिवासी चिंकारा. त्याचा स्क्रेप नसतो, पण लेंड्यांचे ढीग असतात. नर पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी लेंड्या टाकतो आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथीचा स्राव काडीला पुसतो. माजाचे हंगाम दोन, एक पावसाच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत आणि दुसरा उन्हाळ्याच्या तोंडाशी. माळावर वाकवायला फांदी नाही, म्हणून फलक जमिनीवरच.

नगर जिल्ह्यात कर्जतजवळचं रेहेकुरी त्याहून लहान, २.१७ चौरस किलोमीटर. १९८० पासून ते काळविटांसाठी राखलेलं आहे. काळविटाचा नर माळाचा एक तुकडा आपला मानतो. तिथं त्याचे लेंड्यांचे ढीग असतात, आणि पुष्कळदा तो त्या ढिगावरच बसलेला दिसतो. काट्याच्या टोकावर, गवताच्या काडीवर तो अगदी नेमकेपणानं डोळ्याजवळची ग्रंथी टेकवतो. माजाच्या दिवसांत त्याचा रंग गडद होतो. मान मागे टाकून, नाक वर करून, शिंगं पाठीला टेकवत तो मादीभोवती फिरतो. त्या वेळी त्याला दुसरं काही दिसत नसावं, असं वाटण्याइतका तो गुंग असतो.

व्हाइटटेल आणि काळवीट यांच्यातला मोठा फरक इथे आहे. व्हाइटटेल झाडीतला, रात्री खुणेवर येणारा. काळवीट उघड्या माळावरचा, भर दिवसा आपल्या तुकड्यावर उभा. त्याला शोधावं लागत नाही, पण त्याच्याजवळ पोचता येत नाही. मैलभरावरून तो पाहतो, आणि पळायला लागला तर घोडाही मागे पडतो. कोल्हापूरच्या छत्रपतींनी यावर चित्ता हा उपाय ठेवला होता, आणि इथले चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. फासेपारध्यांकडे ना चित्ता, ना घोडा. त्यांनी माळावरच्या प्राण्याचा स्वभावच हत्यार म्हणून वापरला.

एक रीत गाईची. शिकवलेली गाय चरत चरत पुढे, तिच्या आडून पारधी. हरणाला गाय ओळखीची, म्हणून ते उठत नाही. दुसरी रीत माजाची, आणि माझ्या मते शिकारीच्या साऱ्या इतिहासात तिच्याइतकी धूर्त युक्ती विरळाच. माणसाळवलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधायचे आणि माजाच्या हंगामात त्याला रानातल्या नराच्या हद्दीत सोडायचं. हद्दीचा मालक दुसरा नर सहन करत नाही. तो चालून येतो, शिंगाला शिंग भिडतं, फास आवळतो आणि दोघं गुंतून पडतात. पारधी धावत येतो आणि काम संपतं. हरणानं हरीण धरण्याचा हा प्रकार अकबराच्या दरबारातही होता, ‘आईन-ए-अकबरी’त त्याचं वर्णन आहे. बादशहाचा तो षौक होता आणि पारध्याची ती भाकरी. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी गुन्हेगार जमातींची यादी करायला सुरुवात केली, पुढे तो शिक्का पारध्यांवरही बसला आणि १९५२ पर्यंत कायद्यात राहिला. लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही.

सांबराची गोष्ट व्हाइटटेलला अधिक जवळची. भीमाशंकरच्या जंगलात, कोयनेत, विदर्भातल्या वनांत थंडीच्या सुरुवातीला सांबराचा नर माजावर येतो. तो चिखलात लोळतो, खोडांवर शिंगं घासून साल सोलतो, आणि मागच्या पायांवर उभा राहून वरच्या फांदीला तोंड-कपाळ लावतो. मानेखाली केस गेलेला, ओलसर, लाल चट्टा दिसतो. जुन्या शिकाऱ्यांपैकी काहींना ती जखम वाटे, काहींना रोग. चितळाचा नरही असाच दोन पायांवर उभा राहून फांदी खुणावतो. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते ६५ या काळात कान्हात बसून त्याची नीट नोंद केली. चितळाचं वेगळेपण असं, की त्याला पक्का हंगाम नाही. कळपात कुणाची शिंगं मखमली तर कुणाची टणक. तरी मध्य भारतात माजाचा भर उन्हाळ्यात येतो. दिवसाच्या लांबीत फार फरक नसलेल्या मुलखात सगळ्यांनी एकाच आठवड्यात घाई करण्याचं कारण उरत नाही. व्हेनेझुएलातला व्हाइटटेलही वर्षभर विणीवर असतो.

सांबराच्या लोळणीवर किंवा पाणवठ्यावर रात्री मचाण बांधून बसणं ही आपल्याकडची जुनी चाल. मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याखाली परवाने मिळत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही काही प्राण्यांसाठी परवान्याची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं संपली. काळविटाला मात्र १९७२ पासूनच पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. आज तो मारला तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. मूळ कायद्यात एक कलम होतं, ते मला फार अर्थपूर्ण वाटतं. परवाना असलेल्या शिकाऱ्यालाही चाटणावर, पाणवठ्यावर किंवा तिथं जाणाऱ्या वाटेवर दबा धरून मारायला मनाई होती. तहानेनं आलेल्याला टिपणं हा अन्याय, असा त्यामागचा विचार दिसतो. स्क्रेपवर नर येतो तो तहानेनं नव्हे, मस्तीनं. तेवढ्यानं त्याला टिपणं न्याय्य ठरतं का, यावर अमेरिकन शिकारी फारसा वाद घालताना दिसत नाहीत. घालायला हवा.

मचाण मात्र गेलेलं नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्राच्या जंगलांत पाणवठ्यावर बसून प्राण्यांची नोंद होते. वहीचे रकाने भरणारे डोळे वाघाच्या वाटेकडे लावून असतात. त्या रात्री विदर्भात कानावर येणारी, जाड्याभरड्या आवाजातली आरोळी बहुधा माजावरच्या चितळाची असते, आणि ती लिहायला रकाना नसतो. व्यंकटेश माडगूळकरांनी तरुणपणी बंदूक घेऊन रान तुडवलं आणि पुढे नागझिऱ्यात वही घेऊन बसले. खुणा वाचण्याची नजर तीच होती. अकोला-वाशिम भागात फासेपारध्यांनीच तणमोर या पक्ष्यासाठी गवताची कुरणं राखली, तेव्हाही पिढ्यान्‌पिढ्यांची तीच नजर कामाला आली.

सुप्याच्या आसपासचं खरं संकट फासापेक्षा कुदळीचं आहे. सरकारी कागदात माळ म्हणजे पडीक जमीन. पडीक म्हटलं की झाडं लावायची, झाडं लावायची म्हणजे सलग समतल चर खणायचे आणि त्यात गिरिपुष्प उभं करायचं. चिंकारा आणि काळवीट दोघांनाही लांबवर नजर पोचणारं मोकळं रान लागतं. झाडी वाढली की त्यांची हद्द मोडते आणि लांडग्याचा मागही. अलीकडे वन विभागानं शिर्सुफळ आणि कडबनवाडीला गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. माळ पाहायला लोक पैसे देतात हे दिसलं, तर कदाचित कुदळ थांबेल.

माळावर जायचं असेल तर पावसाच्या अखेरीस, सकाळी लवकर जा. गाडीतून उतरून हरणाच्या मागे लागू नका, तिथला माणूस सांगेल त्या वाटेनंच चाला. नर दिसला तर तो कुठे परत येतो ते पाहत राहा. लेंड्यांच्या ढिगात वरच्या काळ्या, ओलसर चमकीच्या असतील आणि खालच्या पांढुरक्या, भुरभुरीत, तर जागा वापरात आहे. सगळ्याच पांढुरक्या असतील तर मालक गेला, किंवा हंगाम संपला.