क्लाउड गेमिंग

क्लाउड गेमिंग म्हणजे दूरवरच्या संगणकावर चालणारा व्हिडिओ गेम आंतरजालामार्फत खेळाडूच्या पडद्यावर चलचित्राच्या रूपात आणून खेळण्याची पद्धत होय. या पद्धतीत खेळ खेळाडूच्या यंत्रावर उतरवून घ्यावा लागत नाही. तो विदाकेंद्रातील, म्हणजेच डेटा सेंटरमधील, एखाद्या शक्तिशाली सर्व्हरवर चालतो. त्याचे दृश्य व ध्वनी खेळाडूकडे येतात आणि खेळाडूने दाबलेल्या कळांची वार्ता सर्व्हरकडे जाते. त्यामुळे महागडे ग्राफिक्स कार्ड किंवा गेमिंग कन्सोल जवळ नसले तरी साध्या लॅपटॉपवर, मोबाइलवर किंवा दूरचित्रवाणी संचावर मोठमोठे खेळ खेळता येतात. नावातील ‘क्लाउड’ हा शब्द संगणकजाळ्याच्या आकृतीत जाळ्याचा तपशील न दाखवता तेथे ढगाचे चित्र काढण्याच्या अभियंत्यांच्या जुन्या सवयीतून रूढ झाला आहे.

ऑनलाइन खेळांपासूनचे वेगळेपण

अनेकांशी एकाच वेळी खेळले जाणारे ऑनलाइन खेळ आणि क्लाउड गेमिंग यांत गल्लत होण्याचा संभव असतो. नेहमीच्या ऑनलाइन खेळात संपूर्ण खेळ प्रत्येक खेळाडूच्या यंत्रावर असतो आणि चित्रही तेथेच रेखाटले जाते. जाळ्यातून केवळ कोणता खेळाडू कोठे आहे, कोणत्या दिशेने चालला आहे, त्याने काय केले, एवढीच अल्प माहिती ये-जा करते. जोडणी मंदावली तर प्रतिस्पर्धी अडखळत किंवा उड्या मारत चालल्यासारखा दिसतो, पण आपले पात्र आपल्या आज्ञेनुसार तत्काळ हलते. क्लाउड गेमिंगमध्ये हा आधार नसतो. आपल्या पात्राचे पाऊलसुद्धा सर्व्हरवरच पडते आणि ते पडल्याचे चित्र परत येईपर्यंत खेळाडूला काहीच दिसत नाही. एकट्याने खेळावयाच्या खेळालाही म्हणूनच अखंड आणि उत्तम जोडणी लागते.

कार्यपद्धती

खेळाडूने उडी मारण्याची कळ दाबली की ती वार्ता काही बाइटांच्या लहानशा पॅकेटात सर्व्हरकडे निघते. सर्व्हरवरील खेळ ती वाचतो, पात्राची नवी स्थिती ठरवतो आणि ग्राफिक्स प्रक्रियक त्या क्षणाचे चित्र रेखाटतो. हे चित्र सर्व्हरच्या पडद्यावर दाखवायचे नसल्यामुळे (बहुधा त्याला पडदाच नसतो) ते थेट संकोचन करणाऱ्या परिपथाकडे सोपवले जाते. संकुचित चित्र पॅकेटांत विभागून खेळाडूकडे पाठवले जाते, खेळाडूचे यंत्र ते पूर्ववत उलगडते आणि पडद्यावर मांडते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात दर १६.७ मिलिसेकंदांना एक नवे चित्र तयार होऊन या वाटेने निघते.

संकोचन अपरिहार्य का आहे, हे साध्या गुणाकाराने कळते. १९२० × १०८० या आकाराच्या एका चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर दर सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट पाठवावे लागतील. घरगुती जोडणीला हे पेलणारे नाही. प्रत्यक्षात असे चित्र सेकंदाला २ कोटी बिटांच्या आसपास बसवता येते, म्हणजे मूळ आकार सुमारे दीडशे पटींनी कमी होतो. दोन लागोपाठच्या चित्रांत बदल थोडा असतो, या निरीक्षणावर ही काटकसर उभी आहे. भिंत, आकाश, रस्ता हे सर्व दर वेळी नव्याने न पाठवता, चित्राचा कोणता तुकडा कोठून कोठे सरकला आणि त्यात काय बदलले, एवढेच पाठवले जाते. २००३ मध्ये निश्चित झालेले एच.२६४ हे मानक आणि त्यानंतरची मानके याच तत्त्वावर चालतात. खेळातील दृश्य वेगाने फिरले, पाऊस पडू लागला किंवा स्फोट झाला की लागोपाठच्या चित्रांतील साम्य घटते आणि म्हणूनच नेमक्या त्या क्षणी चित्र धूसर व चौकोनी ठिगळांचे दिसू लागते.

चित्रपट आणि खेळ यांतील भेद

ज्या जोडणीवर चित्रपट विनाखंड चालतो तिच्यावर खेळ मात्र अडखळतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. दोन्हींत दिसणारी वस्तू चलचित्रच असल्यामुळे हे कोडे वाटते. त्याचे उत्तर गतीत कमी आणि काळात अधिक आहे.

चित्रपट आधीच पूर्ण झालेला असतो. प्रेक्षक एक दृश्य पाहत असताना पुढची काही सेकंदांची दृश्ये त्याच्या यंत्रात आणून ठेवता येतात. या साठ्याला बफर म्हणतात. मध्येच जोडणी दोन सेकंद खंडित झाली तरी साठ्यावर निभावते. घरच्या टाकीत पाणी असले की नळ थोडा वेळ गेल्याचे कळत नाही, तसेच हे आहे. खेळात पुढचे चित्र अस्तित्वातच नसते. खेळाडू डावीकडे वळणार की उजवीकडे, हे त्याने कळ दाबेपर्यंत ठरलेले नसते आणि न घडलेल्या घटनेचे चित्र साठवता येत नाही. एखाद-दोन चित्रे राखून ठेवली, तरी तेवढाच विलंब वाढतो. म्हणून क्लाउड गेमिंगची टाकी जवळजवळ रिकामी असते आणि जाळ्यातील प्रत्येक लहान अडथळा थेट डोळ्यांना दिसतो.

या एका भेदातून पुढील अनेक तांत्रिक निर्णय उद्भवतात. चित्रपटाचे संकोचन करताना एखादे चित्र मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधारे बांधता येते व त्यात मोठी बचत होते. खेळात पुढच्या चित्राची वाट पाहणे परवडत नसल्यामुळे ही सोय बहुधा सोडून दिली जाते. पॅकेट हरवल्यास ते पुन्हा मागवून क्रम पूर्ण होईपर्यंत पुढचे सर्व रोखून धरणारी टीसीपी ही पद्धत चित्रपटाला सोयीची आहे. खेळात उशिरा आलेले चित्र निरुपयोगी असते, म्हणून तेथे असा आग्रह न धरणारी यूडीपी ही पद्धत पायाभूत मानली जाते. हरवलेल्याची भरपाई करता यावी म्हणून काही पूरक पॅकेट आधीच जोडून पाठवतात. जोडणी बिघडू लागली की सर्व्हर चित्राचा दर्जा तत्काळ उतरवतो, कारण धूसर पण वेळेवर आलेले चित्र स्पष्ट पण उशिरा आलेल्या चित्रापेक्षा खेळाडूच्या अधिक उपयोगाचे असते.

विलंब

कळ दाबल्यापासून तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतच्या काळाला विलंब म्हणतात. घरातील कन्सोलवरही तो शून्य नसतो. खेळाची गणना, चित्राचे रेखाटन आणि दूरचित्रवाणी संचाची स्वतःची प्रक्रिया यांत अनेक मिलिसेकंद जातात. क्लाउड गेमिंगमध्ये त्यात संकोचन, जाण्यायेण्याचा प्रवास आणि उलगडा यांची भर पडते. यांपैकी संकोचन व उलगडा यांचा वेळ स्वतंत्र परिपथांमुळे बराच घटला आहे. प्रवासाचा वेळ मात्र एका मर्यादेपलीकडे घटवता येत नाही, कारण ती मर्यादा निसर्गाने घातलेली आहे.

प्रकाशतंतूच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटर अंतराला ५ मिलिसेकंद आणि जाऊन येण्यास १० मिलिसेकंद लागतात. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्या मुंबईच्या खेळाडूला निव्वळ प्रकाशाच्या प्रवासापोटी किमान ३९ मिलिसेकंद, म्हणजे दोन चित्रांहून अधिक काळ, गमवावा लागतो. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतील प्रत्येक राउटर थोडा वेळ घेतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून मोठाच असतो. सर्व्हर मुंबईत असेल तर सुमारे ७०० किलोमीटरवरील नागपूरला हाच किमान काळ ७ मिलिसेकंद इतका उतरतो. सर्व्हर खेळाडूच्या जवळ असला पाहिजे, हा या व्यवसायाचा पहिला नियम यातूनच आला आहे.

सरासरी विलंबापेक्षा त्यातील चढउतार अधिक त्रासदायक असतो. विलंब एकसारखा असेल तर हाताला त्याची काही प्रमाणात सवय होते. तो क्षणोक्षणी बदलला तर होत नाही. हा चढउतार पुष्कळदा घरातच निर्माण होतो. वायफायच्या लहरी शेजारच्या लहरींशी झगडतात, त्याच जोडणीवर दुसरे कोणी मोठी फाइल उतरवत असते, भिंती आड येतात. तारेने जोडलेल्या यंत्रावर खेळ अधिक सुरळीत चालतो तो यामुळे. बुद्धिबळासारख्या आळीपाळीच्या खेळाला दशांश सेकंदाचा विलंबही बाधत नाही, तर एका चित्राच्या अवधीत निर्णय लागणाऱ्या द्वंद्वयुद्धाच्या खेळात तेवढ्यात डाव जातो.

विलंब लपवण्याचेही प्रयोग झाले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या आउटाटाइम या प्रणालीत खेळाडू पुढे काय करील याचे अनेक अंदाज सर्व्हर बांधतो, त्या सर्वांची चित्रे आगाऊ पाठवतो आणि खरी कळ दाबली गेल्यावर खेळाडूचे यंत्र त्यांतील जुळणारे चित्र निवडते. यासाठी गणनेचा व पाठवण्याचा भार कित्येक पटींनी वाढतो.

अर्थकारण

एक चित्रपट एकदा संकुचित करून ठेवला की तोच लाखो प्रेक्षकांना पाठवता येतो. क्लाउड गेमिंगमध्ये प्रत्येक खेळाडूचे दृश्य वेगळे असल्यामुळे तो खेळत असेपर्यंत ग्राफिक्स प्रक्रियकाचा एक भाग केवळ त्याच्यासाठी अडकून राहतो. शिवाय खेळणारे बहुतेक लोक संध्याकाळी एकाच वेळी येतात. त्या वेळी दुसऱ्या खंडात पहाट असून तेथील यंत्रे मोकळी असली तरी अंतरामुळे ती उसनी घेता येत नाहीत. काही सेवांत, विशेषतः विनामूल्य वर्गात, रांगेत थांबावे लागते आणि ठरावीक काळानंतर खेळ थांबवला जातो, याचे कारण हेच आहे.

इतिहास आणि मालकीचा प्रश्न

फिनलंडच्या जी-क्लस्टर या कंपनीने २००० मध्ये या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवले होते. व्यापक प्रसिद्धी मिळाली ती स्टीव्ह पर्लमन यांच्या ऑनलाइव्ह या सेवेला. २००९ मध्ये घोषित झालेली ही सेवा जून २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि ३० एप्रिल २०१५ रोजी बंद पडली. तिचे पेटंट सोनीने घेतले. सोनीने त्याआधीच, २०१२ मध्ये, गाइकाय ही कंपनी ३८ कोटी डॉलरना विकत घेऊन तिच्या तंत्रावर प्लेस्टेशन नाउ ही सेवा उभारली होती. पुढे एनव्हिडियाची जीफोर्स नाउ आणि मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग या सेवा २०२० मध्ये सर्वांसाठी खुल्या झाल्या.

गुगलची स्टेडिया ही सेवा १९ नोव्हेंबर २०१९ रोजी १४ देशांत सुरू झाली. त्यांत भारत नव्हता. तिचा नियंत्रक मध्यस्थ यंत्राला वळसा घालून वायफायद्वारे स्वतःच विदाकेंद्राशी जोडला जाई, एवढी मिलिसेकंदांची काळजी तिच्यात घेतली होती. तंत्र चांगले असूनही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. स्टेडियावर खेळ सुटे विकत घ्यावे लागत आणि ते अन्यत्र चालत नसत. त्यामुळे सर्व्हर बंद होताच विकत घेतलेले खेळही संपले. गुगलने खेळांचे व यंत्रांचे पैसे परत केले, परंतु शेकडो तास खेळून मिळवलेली प्रगती अनेकांना परत मिळाली नाही. कपाटातील सीडी कंपनी बुडाल्यावरही चालते, क्लाउडवरील खेळ चालत नाही, हा फरक या घटनेने ठळक केला.

सेवा चालू असतानाही खेळ नाहीसे होऊ शकतात. २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड आणि बेथेस्डा यांनी आपले खेळ जीफोर्स नाउवरून काढून घेतले, तेव्हा ते खेळ आधीच विकत घेतलेल्यांनाही त्या सेवेवर खेळता येईनात. २०२३ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने मायक्रोसॉफ्टला ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेण्यास प्रथम मनाई केली, त्यामागेही क्लाउड गेमिंगमधील मक्तेदारीची भीती होती. ॲक्टिव्हिजनच्या खेळांचे क्लाउडवरील हक्क युबिसॉफ्टकडे देण्याचे ठरल्यानंतरच तो व्यवहार पूर्ण झाला.

भारतातील परिस्थिती

भारतातील विदाकेंद्रांचा मोठा भाग मुंबई व नवी मुंबई परिसरात आहे आणि अनेक समुद्राखालील केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. सर्व्हर येथे असल्यास महाराष्ट्रातील खेळाडूंना अंतराची अडचण फारशी नाही. अडचण आहे ती घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची आणि डेटाच्या मर्यादेची. वर सांगितलेला सेकंदाला २ कोटी बिटांचा प्रवाह तासाला ९ जीबी डेटा वापरतो. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल योजनेवर हा कोटा १३ मिनिटांत संपतो. त्यानंतर जोडणीची गती इतकी उतरते की खेळ चालू शकत नाही. चित्राचा आकार लहान ठेवून ही वेळ वाढवता येते, तथापि दररोज तासभर खेळू इच्छिणाऱ्याला तारेची किंवा प्रकाशतंतूची अमर्याद जोडणीच घ्यावी लागते. कन्सोलचा खर्च वाचतो खरा, पण तो जोडणीच्या आणि सेवेच्या मासिक शुल्कापुढे मांडून पाहावा लागतो, आणि जेथे अशी जोडणी अद्याप पोहोचलेली नाही तेथे खेळ स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेण्याचाच मार्ग उरतो.