आंकडा एक, अर्थ दोन

ता. 23 सप्टेंबर 1999 रोजीं अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान मंगळाच्या मागें गेलें, तें पुन्हां दिसलें नाहीं. नऊ महिन्यांहून अधिक प्रवास करून तें नेमक्या ग्रहापाशीं, नेमक्या दिवशीं पोंचलें होतें. चुकली होती ती केवळ उंची. मंगळाच्या पृष्ठभागापासून 226 किलोमीटर अंतरावरून जावयाचें, तें 57 किलोमीटरांवरून गेलें. आणि 80 किलोमीटरांच्या खालीं त्याचा निभाव लागणें शक्य नव्हतें. कोणतेंहि यंत्र मोडलें नव्हतें. एकाच आंकड्याचा अर्थ दोन ठिकाणीं दोन प्रकारें लावला गेला होता.

यान स्थिर ठेवणाऱ्या चक्रांचा वेग मधून मधून आवरावा लागे, व तसें करतांना लहान लहान झोतयंत्रें क्षणभर चालवावीं लागत. असा प्रसंग घडला कीं त्याची वार्ता पृथ्वीवर येई. लॉकहीड मार्टिन कंपनीनें रचलेली आज्ञावली त्या धक्क्याचें मान काढी, आणि पॅसाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे मार्गनिर्देशक तें आपल्या हिशेबांत घेत. देणाऱ्यानें आंकडा पौंड-सेकंदांत दिला. घेणाऱ्यानें तो न्यूटन-सेकंदांत वाचला. एक पौंड बल म्हणजे सुमारें 4.45 न्यूटन. अर्थात् प्रत्येक धक्का होता त्याहून साडेचार पटींनीं लहान धरला गेला. शिवाय यानाचें सौरफलक एकाच बाजूस असल्यामुळें असे प्रसंग अपेक्षेपेक्षां दहा ते चौदा पट अधिक वेळां आले. पृथ्वीवरून यानाचा वेग मोजला जात होता खरा. परंतु धक्के बहुतेक दृष्टिरेषेला काटकोनांत बसत, आणि त्या दिशेची हालचाल त्या मोजणींत नीट उमटत नसे.

आज संगणकांचा पुष्कळसा व्यवहार अशाच वार्तांवर चालतो. बँकेंतून पैसे निघाले, विजेच्या मीटरनें नोंद केली, आगगाडी स्थानकांत शिरली, अशी घटना घडतांच तिची लहानशी वार्ता सोडली जाते, व ज्या यंत्रणेस ती हवी ती यंत्रणा ती उचलते. घेणारे कोण आहेत हें पाठविणाऱ्यास ठाऊक नसतें. उद्यां नवा घेणारा आला तरी जुन्या व्यवस्थेंत कांहीं बदलावें लागत नाहीं. या पद्धतीची सारी सोय यांतच आहे, आणि तिचें दुखणेंहि यांतच आहे. पूर्वीं मुंबईचा मण 28 पौंडांचा असे, आणि बंगालचा 82 पौंडांहून थोडा अधिक. पण अडत्या समोर बसून ‘कोणता मण?’ असें विचारी. संगणकाला ‘चाळीस मण’ एवढें पुरतें.

भेद मापांतच असतो असेंहि नाहीं. ‘03-04’ ही तारीख भारतांत 3 एप्रिल होते, तर अमेरिकेंत 4 मार्च. वार्तेवरील वेळ घटना घडल्याची कीं वार्ता पोंचल्याची, हा प्रश्न तर नित्याचाच. तारखेपुरता तोडगा 1988 सालीं आंतरराष्ट्रीय मानकानें काढला: आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस.

सर्वांनीं एकच कोश मानावा, हा सर्वांत सरळ उपाय. पण तो क्वचितच साधतो. रक्तांतील साखर भारतांत व अमेरिकेंत मिलिग्रॅमांत सांगतात, ब्रिटनमध्यें मिलिमोलांत. येथील 100 म्हणजे तेथील सुमारें 5.6. दोन्ही देशांतील वैद्य आपली संवय सोडणार नाहींत, व त्यांनीं ती सोडावी असा आग्रह धरणें शहाणपणाचेंहि नव्हे. म्हणून संख्येबरोबर तिचें माप लिहून पाठवावें, आणि मध्यें एक दुभाष्या बसवून त्यानें घेणाऱ्यास हवें तें रूप द्यावें, हा मार्ग अधिक व्यवहार्य. 2019 सालीं ‘क्लाउड इव्हेंट्स’ नांवाचें मानक पूर्ण झालें. त्यानें वार्तेचा प्रकार, उगम व ओळख-क्रमांक कसा लिहावा हें ठरविलें. पण तो लिफाफा झाला. आंतील पत्राचा अर्थ ज्याचा त्यानेंच ठरवावयाचा.

कांहीं संशोधकांनीं निराळी वाट धरली आहे. प्रचंड ग्रंथसंग्रहांतून कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारीं येतात हें मोजून, ‘वीजवापर’ व ‘ऊर्जेचा खर्च’ यांचें नातें यंत्रानें स्वतःच ओळखावें, अशी ती कल्पना. शहरभर पसरलेल्या हजारों मापकांसाठीं कोश कोण लिहीत बसणार? तेथें ही युक्ति उपयोगी पडते. मात्र तिचें उत्तर संभवाचें असतें, निश्चयाचें नव्हे. शब्दांचें शेजारपण नातें दाखवितें, समानता दाखवीत नाहीं. पौंड आणि न्यूटन हे तर पुस्तकांत एकमेकांचे अगदीं सख्खे शेजारी. जेथें चूक थोडक्यांत निस्तरते तेथेंच असा अदमास चालावा.

पॅसाडेना येथील मंडळींना आंकडे जुळत नसल्याचा संशय आधींच आला होता. 15 सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर हिशेब 150 ते 170 किलोमीटर दाखवूं लागला. मंगळापाशीं पोंचण्यास तासभर उरला तेव्हां 110. आणखी एका दुरुस्तीचा विचार झाला, पण ती करण्यांत आली नाहीं. पुढें चौकशी-मंडळास आढळलें कीं शंका बोलून दाखविल्या गेल्या होत्या, परंतु ठरलेल्या रीतीनें त्यांची नोंद कोणीच केली नव्हती.