भरती बघा, मगच होडीत बसा

बचत गटाची सहल म्हटली की आपण बहुतेक वेळा देवदर्शन ठरवतो. ते करावंच. पण त्याला जोडून एक सकाळ एखाद्या शांत बेटासाठीही काढता येते. आज आपण गोव्यातल्या चोडण बेटाची माहिती घेऊ आणि खाडीत होडीने फिरताना काय सांभाळायचं तेही समजून घेऊ.

चोडण हे मांडवी नदीतलं बेट. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने तिथे जाता येतं. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते जाहीर झालं. क्षेत्र १७८ हेक्टर, म्हणजे सुमारे ४४० एकर, आणि बहुतेक सगळं कांदळवन. आत पायवाट आहे, पण चिंचोळ्या फाट्यांतून आतवर जायचं तर वल्ह्याची लहान होडीच हवी.

खाडीत फिरायची वेळ पाणी ठरवतं. ओहोटीला फाट्यांत नुसता चिखल उरतो आणि होडी रुतते. म्हणून पाणी चढत असताना आत शिरावं आणि उतरायला लागायच्या आत बाहेर यावं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. त्यावरून कोकणात एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळीही. हा अंदाज झाला. जागेप्रमाणे फरक पडतो, म्हणून दिवस पक्का करण्याआधी तिथल्या होडीवाल्याला विचारा.

आत गेल्यावर बोलणं थांबवा. मग खंड्या दिसतो, बगळे दिसतात, चिखलावर उड्या मारणारी निवटी दिसते. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी टोकं म्हणजे तिवराची श्वासमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. खारं पाणी पिऊन जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पानावरून नुसतं बोट फिरवून चाखलं तरी खारट लागतं. पान तोडू मात्र नका.

या झाडांचा शेतीशी थेट संबंध आहे. गोव्यात खाडीकाठच्या खाजन जमिनींना मातीचे बांध असतात. बांधाला ‘मानस’ नावाचं दार असतं. भरतीच्या जोराने ते मिटतं आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतं. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते. ती तुटली की बांध खचतो, खारं पाणी भातात शिरतं आणि घरातल्या कणगीपर्यंत त्याची झळ पोचते. म्हणून खाडीत वेगाने इंजिन चालवू नये, प्लास्टिक टाकू नये.

आता सुरक्षेचं. प्रत्येकीच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, तेही पट्टे नीट बांधून. होडीत ठरल्यापेक्षा एकही जास्त बाई बसवू नका. फोटोसाठी उभं राहू नका. मांडवीच्या खाड्यांत मगरी आहेत, तेव्हा हात पाण्यात सोडू नका. पावसाळ्यात हा बेत नकोच. पोहता येत नाही म्हणून लाजू नका, होडीवाल्याला आधीच सांगा. जॅकेट नसेल तर पैसे दिलेले असले तरी खाली उतरा.

आणि एक गोष्ट. आपल्या सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ महिला बचत गटाने २०१७ साली कांदळवन सफारी सुरू केली. बाया स्वतः वल्हं मारतात आणि पाहुण्यांना झाडं, पक्षी ओळखून दाखवतात. खाडी जपली तर तिच्यावर चूलही पेटते, हे त्यांनी दाखवून दिलं.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या: आपल्या गावाजवळ खाडी, तलाव किंवा धरण आहे का? आणि तिथलं पाणी, झाडं, पक्षी ओळखणारी जुनी बाई कोण? तिला बैठकीला बोलवा. सुरुवात तिच्यापासून होईल.