लॅन कार्डाची खतावणी
"इंटरनेटवर सगळेच लिहितात. केबल ज्या खाचेत जाऊन बसते, तिथं काय चालतं ते बघून ये," असं संपादकांनी सांगितलं म्हणून पुण्यातल्या एका जुन्या तीनमजली इमारतीत गेलो. जिन्याखालच्या खोलीत पंख्यांची घरघर, दाराबाहेर काढलेल्या चपला आणि आत नेटवर्क सांभाळणाऱ्या ताई. सकाळीच तळमजल्यावरून तक्रार आली होती, "नेट स्लो आहे." पिंग व्यवस्थित जात होतं, मोठी फाइल मात्र रडतखडत उतरत होती.

ताईंनी केबलला हातही लावला नाही. आधी हिशेब उघडला. प्रत्येक इथरनेट चिपच्या पोटात मोजणीची खाती असतात. पॅकेट किती आली, किती गेली, बाइट किती, आणि त्याखाली चुका: सीआरसी न जुळलेल्या, 64 बाइटपेक्षा तोकड्या, ठरल्यापेक्षा लांब, उशिरा टक्कर झालेल्या, ठेवायला जागा नव्हती म्हणून सोडून दिलेल्या. लिनक्सवर 'इथटूल' ही आज्ञा दिली की सगळी खाती ओळीनं पडद्यावर उतरतात. आपल्या घरातल्या संगणकातही ती याच क्षणी भरत असतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

यातल्या काही खात्यांचं मूळ थेट इथरनेटच्या जन्मात आहे. मे 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी त्याचं टिपण लिहिलं. त्यांनी आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभी केलेली पहिली यंत्रणा सेकंदाला 2.94 मेगाबिट वाहून नेई. पुढं 1980 मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्सनं मिळून ती 10 मेगाबिटवर नेली. तेव्हा सगळी यंत्रं एकाच जाड केबलला लटकलेली असत. दोघं एकदम बोलले की टक्कर व्हायची; मग दोघंही थांबत आणि थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करत. त्या काळात टक्कर ही चूक नव्हती, वहिवाट होती. आज दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात, म्हणजे फुल डुप्लेक्स असतं, तेव्हा हे खातं शून्यच राहायला हवं.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते सीआरसीच्या खात्यापाशी. पाठवणारी चिप फ्रेममधल्या, म्हणजे केबलवर उतरणाऱ्या पॅकेटाच्या गठ्ठ्यातल्या, सगळ्या बिटांना एका ठरलेल्या भाजकानं भागते आणि उरलेली 32 बिटांची बाकी शेपटाला जोडते. घेणारी चिप तोच भागाकार पुन्हा करते. बाकी जुळली नाही की फ्रेम टाकून देते आणि खात्यात एक वाढवते. पाठवणाऱ्याला कळवत नाही, दुरुस्तीही करत नाही. काहीतरी गहाळ झालं हे पुढं वरच्या थरातल्या टीसीपीच्या लक्षात येतं आणि तो तेच पुन्हा पाठवतो. माणसाला जाणवतो तो फक्त उशीर. एवढ्या नेकीनं केलेली नोंद वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

ताईंनी वहीत आकडा टिपला, घड्याळ बघितलं, मिनिटभर थांबल्या आणि पुन्हा टिपला. "एकूण आकड्याला घाबरायचं नाही, तो कधीचा असेल कोण जाणे. वाढतोय का, ते बघायचं." संगणकाच्या बाजूला उशिरा टकरा वाढत होत्या. मग त्यांनी त्याच केबलचं दुसरं टोक, स्विचचं पोर्ट, उघडलं. तिथं टक्कर एकही नव्हती, पण सीआरसी चढत होता. दोन्ही खाती शेजारी ठेवल्याबरोबर त्या म्हणाल्या, "डुप्लेक्स."

स्विचचं पोर्ट कुणीतरी कधीकाळी 100 मेगाबिट, फुल डुप्लेक्सवर हातानं बांधून ठेवलं होतं. संगणक मात्र बोलणी करायला बसलेला. समोरून उत्तर न आल्यानं त्यानं वेग ओळखला, पण डुप्लेक्स कळायला मार्ग नव्हता, म्हणून नियमाप्रमाणं हाफ, म्हणजे एका वेळी एकानंच बोलायचं, असं धरलं. स्विच बिनदिक्कत मध्येच बोले, संगणक त्याला टक्कर समजून स्वतःची फ्रेम अर्ध्यावर सोडे, आणि तो तुटका तुकडा स्विचच्या खात्यात सीआरसी म्हणून जमा होई. पिंगची रहदारी विरळ, म्हणून ते निभावून जाई. ताईंनी पोर्ट पुन्हा ऑटोवर टाकलं. दोन्ही आकडे जागच्या जागी थांबले.

पण प्रत्येक वेळी वही इतकी सरळ बोलत नाही. 32 बिटांचं बाइटांचं खातं भरधाव गिगाबिट लाइनवर साधारण 34 सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतं. पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला ते मध्ये किती वेळा फिरलं हे कळायला वाव नाही. म्हणून 64 बिटांची खाती आली. इंटेलच्या कितीतरी चिपांवर खातं वाचलं की पुसलं जातं. बेरीज ड्रायव्हरनं सांभाळायची. 'ड्रॉप' या शब्दाखाली तर लिनक्स न ओळखलेल्या प्रोटोकॉलची निरुपद्रवी पॅकेटंही धरतो, त्यामुळं तो आकडा बघून नवी माणसं उगाच केबली बदलत बसतात.

त्याहून अवघड म्हणजे काही स्विच फ्रेमचं शेपूट यायच्या आत तिचं तोंड पुढं ढकलतात. बिघाड एका खोलीत आणि नोंद लागते तीन स्विच पलीकडच्या धडधाकट पोर्टावर. आणि स्विचच्या स्वतःच्या मेमरीतच बिट उलटला, तर त्या बिघडलेल्या मजकुरावर नवी, बिनचूक बाकी लागते. खातं स्वच्छच राहतं. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी 2000 साली खरी रहदारी तपासून दाखवलं होतं की दर 1,100 ते 32,000 पॅकेटांमागे एक टीसीपीच्या स्वतःच्या पडताळणीच्या बेरजेत नापास होतं, आणि तेही सीआरसी तपासून पुढं आलेलं असताना. तेव्हापासून शून्याकडेही निर्धास्तपणे बघता येत नाही.

निघताना ताईंची वही चाळली. दर सोमवारी प्रत्येक पोर्टाचं वाचन, निळ्या शाईत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोर्टापुढं मात्र पेन्सिलीनं लिहिलं होतं: केबल बदलली, पोर्ट बदललं, लॅन कार्ड बदललं, सीआरसी तरीही वाढतो, फक्त दुपारी दोन ते चार. खाली तीन ओळी मोकळ्या सोडलेल्या होत्या.